सुखाची दाढी

प्रौढ पुरुष जी कर्मे जन्मभर नित्यनेमाने करतो, परंतु कोणापाशीही रीतसर शिकलेला नसतो, त्यांत दाढीचा क्रम फार वरचा लागेल. पोहायला कोणी तरी पाण्यात उतरवतो, सायकल चालवताना कोणी तरी मागून धरतो. दाढी मात्र मिसरूड फुटलेला मुलगा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या पाठीशी उभा राहून, आरशात जेवढे दिसेल तेवढे पाहून उचलतो आणि त्यांच्या चुकाही वडिलोपार्जित वतनासारख्या बिनतक्रार पुढे चालवतो. मग गळ्यावर उठणारे पुरळ, हनुवटीखालची आग, जबड्याच्या कडेला राहून गेलेले खुंट, हे सारे आपल्या कातडीचे जन्मजात वैगुण्य आहे, अशी त्याची समजूत होते आणि ती सहसा सुटत नाही. माझे म्हणणे असे आहे की, हे वैगुण्य बहुतेक वेळा कातडीचे नसते, पात्याचेही नसते. ह्या कामात पाण्याचा आणि वेळेचा जो हिस्सा आहे, तो त्यांना न दिल्याची ती खूण असते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात क्षौरकर्माचे एक छोटेसे सूक्त आहे. त्यात सविता वस्तरा घेऊन येतो, वायूने उष्णोदक घेऊन यावे अशी प्रार्थना आहे, आणि केस भिजवण्याचे काम जलदेवतांकडे सोपवलेले आहे. गृह्यसूत्रांनी तर ब्राह्मणकुमाराच्या पहिल्या दाढीला, साधारणतः सोळाव्या वर्षी, केशान्त किंवा गोदान नावाच्या संस्काराचा मान दिला. पुढे गावगाड्याच्या व्यवस्थेत हे काम बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याकडे आले. दगडावर धार लावून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पाजवायचा, वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून गालावर आणि हनुवटीवर चांगला वेळ चोळायचे, आणि केस मऊ झाल्याची खात्री बोटांनी पटल्यावरच वस्तरा उघडायचा, असा त्याचा शिरस्ता होता. साबण जवळ नसलेला कारागीरही केवळ पाण्याच्या आणि बोटांच्या बळावर गुळगुळीत दाढी करून देऊ शकत असे. आणि ज्या काळात आपण नळावर दोन ओंजळी पाणी तोंडावर मारून लगेच पाते फिरवतो, त्या काळात तर हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

न्हाव्याच्या हातचा उघडा वस्तरा गृहस्थाने स्वतःच्या गळ्यावर चालवावा, ही कल्पना धास्तीची होती. म्हणून त्याला आवर घालण्याचे प्रयत्न युरोपात अठराव्या शतकातच सुरू झाले. झां-झाक पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराने पात्याची फक्त कड बाहेर राहील असे लाकडी आवरण वस्तऱ्याला बसवले. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली दांड्यावर आडवे पाते बसवलेल्या सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट घेतले. पण त्याही पात्याला वारंवार धार लावावी लागे, आणि सामान्य माणसाची खरी अडचण तीच होती. ती सोडवली किंग कॅम्प जिलेट ह्या फिरत्या विक्रेत्याने. बाटल्यांची पत्र्याची बुचे विकणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता, आणि एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्या बुचांचा जनक विल्यम पेंटर ह्याने त्याला दिला होता. १८९५ साली, बोथट वस्तऱ्याशी झगडत असता, कागदासारख्या पातळ पोलादाचे दुधारी पाते त्याच्या मनात उभे राहिले. इतक्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार येणार नाही, असे जाणकारांनी त्याला निक्षून सांगितले. ते कोडे सोडवायला विल्यम निकर्सन हा यंत्रविशारद भेटेपर्यंत वर्षे गेली, आणि १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना हे वस्तरे सरसकट पुरवले आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय घेऊनच ते शिपाई परतले. आज आपल्याकडे किराणा दुकानात कागदी पुडीत मिळणारे दुधारी पाते, जाडीने मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, हे त्याच कल्पनेचे अपत्य आहे. स्वस्त, साधे आणि योग्य हाती पडल्यास अत्यंत सौम्य असे हे साधन आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता केसाकडे वळू. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. तोच केस कोमट पाण्यात दोनतीन मिनिटे राहिला तर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषतो, फुगतो, मऊ होतो आणि तो कापायला लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. जमिनीला वाफसा आल्यावाचून शेतकरी तिफण धरीत नाही, तसाच हा प्रकार आहे. पण केसावर नैसर्गिक तेलाचा लेप असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. म्हणून आधी साध्या साबणाने तोंड धुणे अगत्याचे आहे, आणि स्नानानंतर दाढी करणे त्याहून चांगले. ज्या संस्थेतून निकर्सन पदवीधर झाला, त्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २०२० साली संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एका वेगळ्याच प्रश्नाचा तपास लावला: पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असलेला केस पोलादी धार बोथट कसा करतो? त्यांना असे आढळले की धार झिजत नाही, तिचे कपचे उडतात. आणि तेही केस वाकून पात्याला तिरका भिडला, व त्या जागी धारेच्या पोलादाची घडण एकसारखी नसली, तर. सरळ उभ्या केसाने हे नुकसान केले नाही. ह्यावरून माझा निष्कर्ष असा की, ज्याने केस नीट भिजवून फेसात उभे केले आणि पाते न दाबता चालवले, त्याने केवळ कातडीच नव्हे, पातेही राखले.

फेसाची कामगिरी हीच आहे. त्याने केसातले पाणी सुकू देऊ नये, केस उभे धरावेत आणि पात्याखाली वंगण द्यावे. ब्रश भिजवून, निथळून, साबणावर वर्तुळाकार फिरवत हळूहळू पाण्याचे थेंब वाढवत गेले की फेस दाट आणि चकचकीत होतो; मोठाले बुडबुडे दिसले तर तो फेस नव्हे, हवा आहे. येथे महाराष्ट्रातील वाचकांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुत ठिकाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका करतात, आणि माणूस साबणाच्या नावाने बोटे मोडतो. उकळून, निवळून घेतलेल्या पाण्यातला काही क्षार खाली बसतो. त्याहून सोपी तजवीज म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे किंवा पावसाचे एक भांडे पाणी केवळ फेसासाठी बाजूला ठेवणे. एवढ्याशा बदलाने फेस किती पालटतो हे ज्याने त्याने पडताळून पाहावे.

पाते कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करील असे धरावे. दांडा गालाला काटकोनात लावून सावकाश खाली झुकवीत गेले की केस कापल्याचा बारीक आवाज ज्या क्षणी येऊ लागतो तो कोन खरा. वस्तऱ्याला स्वतःचे वजन आहे. तेच पुरेसे आहे, हाताने त्यात भर घालण्याचे कारण नाही. ज्या पात्याला जोर लावावासा वाटतो त्या पात्याची मुदत संपली, असे समजून ते बदलावे. त्याच्याकडून आणखी एक दाढी वसूल करण्याची काटकसर कातडीला महाग पडते.

सर्वांत दुर्लक्षित विषय केसांच्या दिशेचा आहे. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात, पण गळ्यावर ते वर, आडवे, क्वचित भोवऱ्यासारखेही वाढतात, आणि आपली नेहमीची तक्रार नेमकी गळ्याबद्दल असते. एक दिवसाचे खुंट असताना बोटे चारी बाजूंनी फिरवून पाहावीत. ज्या दिशेने खरखर लागत नाही ती सुलट. पहिला हात सुलटच मारावा. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात, ज्याच्याविना दाढी झालीच नाही असे अनेकांना वाटते, तो केवळ सोशिक कातडीच्या माणसाने, तिसऱ्या फेसावर आणि फार हलक्या हाताने मारावा. कुरळ्या केसांच्या माणसाने तो टाळलेलाच बरा. कारण कातडीच्या पृष्ठभागाखाली कापला गेलेला केस वळून आत शिरतो आणि तेथे फोड उठतो. एकामागे एक तीन-चार पाती बसवलेल्या नव्या वस्तऱ्यांविषयी माझी हरकत हीच आहे: पहिले पाते केस ओढून वर आणते, मागचे तो आणखी खाली छाटते, आणि जे गुळगुळीतपण म्हणून मिरवले जाते त्याचीच किंमत पुढे पुरळाच्या रूपाने द्यावी लागते.

शेवटी थंड पाणी आणि तुरटीचा ओला खडा. तुरटी कातडी आकसवते, बारीक कापल्याचे रक्त थांबवते, आणि जेथे चुरचुरेल तेथे हात जड पडला ह्याची साक्षही देते.

सलूनमध्ये दाढी करवणाऱ्यांनी एकच आग्रह धरावा: नवे पाते आपल्या देखत पुडीतून काढून, मोडून, त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात बसवला जावा. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका लक्षात घेता हा आग्रह संकोचाने सोडण्याजोगा नाही, आणि कोणताही भला कारागीर त्याचा राग मानीत नाही. आणि घरी दाढी करणाऱ्यांना एक विनंती. वापरलेले पाते तसेच केरात टाकू नका. त्याने कचरा उपसणाऱ्या बाईची बोटे कापतात. एखाद्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात पाती साठवा, आणि डबा भरला की झाकण पक्के बंद करून, वर तसे लिहून, सफाई कर्मचाऱ्याच्या हाती वेगळा द्या.