वसंत ऋतू आणि प्राथमिक वर्ग : कॅथलिक शाळांतील ऋतुशिक्षणाची परंपरा व मराठवाड्याचा परिसर

बीजसंज्ञा : प्राथमिक शिक्षण, ऋतुशिक्षण, माँटेसरी पद्धती, परिसर अभ्यास, हंगामी स्थलांतर, हळद

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय वर्ष जूनमध्ये मृगाच्या पावसासोबत सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपते. त्यामुळे वसंत ऋतू येतो तो नेमका परीक्षेच्या काळात. पळस फुलतो, आंब्याला मोहोर येतो, कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते, आणि त्याच वेळी वर्गात खिडकीकडे पाठ करून उजळणी चाललेली असते. युरोप-अमेरिकेतील कॅथलिक प्राथमिक शाळांत मात्र वसंत हा वर्षातील अत्यंत गजबजलेला शैक्षणिक काळ असतो. तेथे बी रुजविणे, अंड्यातून पिल्लू बाहेर येताना पाहणे, फुलपाखराचे जीवनचक्र, उपवासकाळातील दानाचा संकल्प, पुनरुत्थान रविवारची तयारी, मे महिन्यातील मरियामातेची पुष्पयात्रा असे उपक्रम एका सूत्रात ओवलेले दिसतात. प्रस्तुत लेखात या परंपरेमागील शैक्षणिक विचार समजून घेऊन तो वसमतसारख्या तालुक्याच्या गावी, कोणत्याही धर्माच्या वा माध्यमाच्या प्राथमिक शाळेत कितपत उपयोगी पडू शकतो, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

वसमत ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे तो जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. कॅथलिक धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने हा भाग 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. वसईसारखी शतकानुशतकांची मराठी कॅथलिक वस्ती येथे नाही. तथापि मिशनरी व ‘कॉन्व्हेंट’ शाळांचा प्रभाव त्यांच्या संख्येपेक्षा फार मोठा आहे, कारण खासगी इंग्रजी माध्यमाच्या असंख्य शाळा त्यांचे बाह्य रूप, क्वचित नावसुद्धा, उचलतात. बाह्य रूप उचलले जाते आणि विचार मागे राहतो, ही येथील खरी अडचण आहे.

गहू पेरणारी मुले

कॅथलिक शाळेतील ऋतुशिक्षणाचे सर्वांत विचारपूर्वक झालेले उदाहरण मारिया माँटेसरी यांच्या कार्यात सापडते. 1907 मध्ये रोम येथे ‘बालगृह’ सुरू करणाऱ्या माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पेनमधील बार्सेलोना येथे त्यांच्या पद्धतीने चाललेल्या शाळेत धर्मशिक्षणाचा एक प्रयोग झाला. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस यांना मध्यवर्ती स्थान असल्यामुळे मुलांनी शाळेच्या जमिनीत गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या, त्यांची निगा राखली आणि कापणीचा सोहळा केला. धर्मतत्त्व तोंडपाठ करून घेण्याऐवजी ते ज्या वस्तूंतून व्यक्त होते त्या वस्तू स्वतःच्या हातांनी निर्माण करणे, हा या प्रयोगाचा गाभा होता. त्यात वनस्पतिशास्त्र, श्रम, प्रतीक्षा आणि श्रद्धा हे सारे एकाच वाफ्यात उगवले.

हा प्रयोग आपल्याकडे आणताना एक गोष्ट विसरता कामा नये. युरोपात वसंत हा पेरणीचा आणि हिरवळ परतण्याचा ऋतू आहे. मराठवाड्यात पेरणी मृगात किंवा रब्बीची असेल तर आश्विन-कार्तिकात होते आणि वसंत हा काढणीचा ऋतू ठरतो. म्हणून युरोपीय क्रमिक पुस्तकातील ‘वसंतात बी पेरा’ ही सूचना आपल्या शाळेत जशीच्या तशी राबविली, तर मार्चच्या उन्हात कुंडीतले रोप करपते आणि मुलाच्या हाती केवळ अपयश लागते. गंमत अशी की बार्सेलोनाचा गहू मात्र आपल्याच हवामानाला अधिक चपखल बसतो. दिवाळीनंतर पेरलेला गहू फाल्गुनात कापणीस येतो, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या आसपास. दिवाळीची सुट्टी संपताच शाळेच्या आवारात दोन वाफे पेरणारा शिक्षक वार्षिक परीक्षेपूर्वी मुलांच्या हाती ओंबी देऊ शकतो.

माँटेसरी 1939 च्या अखेरीस मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम 1946 पर्यंत लांबला व त्यांतील काही काळ त्या कोडाईकनाल येथे राहिल्या. तेथील वनस्पती व प्राणिसृष्टीच्या सान्निध्यात मोठ्या वयाच्या प्राथमिक मुलांसाठी निसर्गाभ्यासाची मांडणी अधिक विकसित झाली. मात्र मराठी मुलुखात माँटेसरी विचार त्याआधीच पोहोचला होता. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे 1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साधनांच्या जागी तेथे खडे, बिया, पाने, शंख-शिंपले आले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तेव्हापासून मराठी शिक्षणविचारात रुजला. ताराबाई व अनुताई यांनी रोमहून आलेल्या पद्धतीचा आत्मा घेतला आणि साधने मात्र कोसबाडची वापरली. कॉन्व्हेंटचे अनुकरण करणाऱ्यांनी बरोबर याच्या उलट केले आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मार्च महिन्यात भिंतीवर ट्यूलिपची कागदी फुले चिकटविलेली होती आणि खिडकीबाहेर पांगारा लालभडक फुलला होता. मुलांना ट्यूलिपचे स्पेलिंग येत होते.

एक चंद्र, तीन दिनदर्शिका

कॅथलिक शाळेत वसंताचे वेळापत्रक पुनरुत्थान रविवारच्या तारखेवर ठरते. त्यापूर्वी 46 दिवस राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार वगळले की उपवासाचे 40 दिवस उरतात. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली पाने जाळून या बुधवारची राख तयार करतात. होळीची राख कपाळी लावणाऱ्या मुलाला यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

या तारखेचे गणित चौथी-पाचवीच्या मुलांसाठी उत्तम उपक्रम ठरू शकते. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो पुनरुत्थान रविवार, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल या मर्यादेत फिरतो. ही पौर्णिमा आपली फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमा असते. 2024 मध्ये 25 मार्चला, म्हणजे धुळवडीच्या दिवशी, पौर्णिमा होती आणि पुनरुत्थान रविवार 31 मार्चला आला. 2025 मध्ये फाल्गुनी पौर्णिमा 14 मार्चला संपली. ती 21 मार्चच्या अलीकडची असल्याने चैत्री पौर्णिमा धरावी लागली. त्या वर्षी हनुमान जयंती शनिवारी 12 एप्रिलला होती. मग रविवार 13 एप्रिलचाच का नाही, असे चाणाक्ष मूल विचारील. भारतीय वेळेनुसार चंद्र पूर्ण झाला तो 13 तारखेच्या पहाटे आणि चर्चच्या कोष्टकातही त्या पौर्णिमेची तारीख 13 हीच आहे. पौर्णिमा रविवारीच पडली तर सण पुढच्या रविवारी जातो, म्हणून तो 20 एप्रिलला साजरा झाला.

याच्याच शेजारी गुढीपाडवा आणि रमजान ईद यांच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. पाडवा 2023 मध्ये 22 मार्चला, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला होता. ईद अनुक्रमे 22 एप्रिल, 11 एप्रिल आणि 31 मार्चला आली. बारा चांद्रमासांचे सुमारे 354 दिवस होतात, म्हणून चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असते. ईद दरवर्षी तेवढी मागे सरकते, कारण हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. पाडवा मागे सरकतो, पण अधिक मास आला की पुढे उडी घेतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून 2024 चा पाडवा 18 दिवसांनी पुढे गेला. पुनरुत्थान रविवारही अशीच उडी मारतो. वसमतच्या वर्गात एका बाकावर पाडव्याची गुढी उभारणारा आणि ईदचा शिरखुर्मा खाणारा असे दोघे मित्र सहज सापडतात. दोघांचे सण एकच चंद्र ठरवितो, ही गोष्ट शिक्षकाने सांगण्यापूर्वीच त्यांना वजाबाकीतून सापडावी.

येथे एक घटनात्मक बाबही ध्यानात ठेवावयास हवी. अनुच्छेद 30 नुसार अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. त्याचबरोबर अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्यनिधीतून साहाय्य घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही. म्हणूनच सणाचे खगोल, सणाचे पीक, सणाचे अन्न यांचा अभ्यास सर्वांसाठी व उपासना ज्याची त्याच्यासाठी, अशी विभागणी शिक्षकाने मनाशी स्पष्ट ठेवावी.

हळदीचा वर्ग

वसमतचा वसंत पिवळा आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी, पाने वाळल्यावर, माघ-फाल्गुनात काढणीस येते. खणणे, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, शिजविणे, उन्हात पसरून वाळविणे, ड्रममध्ये पॉलिश करणे असा हा क्रम परीक्षेच्या दिवसांत घराघरांत चालू असतो. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. असे असूनही येथील प्राथमिक वर्गात हळद बहुधा पाठ्यपुस्तकातील मसाल्याच्या पदार्थांच्या यादीतील एक नाव म्हणूनच भेटते.

शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते की पाच किलो ओली हळद वाळून जेमतेम एक किलो उरते. हाच शेकडेवारीचा पाठ. वर्गात एक किलो शिजविलेली हळद आणून सुपात पसरावी, रोज त्याच वेळी वजन करावे आणि आलेख काढावा. वजन कमी होण्याचे थांबेल तो दिवस मुलांनीच ओळखावा. शिजविताना काय घडते, कच्ची हळद नुसती का वाळवीत नाहीत, हे प्रश्न त्यांनी घरी आजीला विचारावेत. तिसरा पाठ रंगाचा. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या टीपकागदावर साबणाचे पाणी टाकले की तो तांबूस होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीच्या डागावर साबण लावताच आईचा पदर लाल का झाला, याचे कोडे येथे उलगडते. हळद आणि चुना यांपासून पारंपरिक कुंकू का तयार होते, हेही कळते. माध्यमिक वर्गात ‘दर्शक’ ही संज्ञा येईल तेव्हा ती कोरी राहणार नाही.

पळसाच्या फुलांचा रंग, काटेसावरीचा कापूस, कडुनिंबाचा मोहोर यांविषयी असेच लिहिता येईल, पण ते परिसर अभ्यासाच्या शिक्षकास सुचविण्याची गरज नाही.

रिकामे बाक

या सर्व विवेचनाला छेद देणारे एक वास्तव मराठवाड्यात आहे. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुले सोबत जातात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले आहेत आणि त्यांचा लाभही काहींना झाला आहे. तरी फाल्गुनात परतलेले मूल वर्गात शिरते तेव्हा फळ्यावर उजळणी चालू असते. जे शिकविले गेले तेव्हा ते उसाच्या फडात होते, त्याची उजळणी. परीक्षा तोंडावर असते. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत घेण्याचे वेळापत्रक राज्य पातळीवरून आले, तेव्हा वाढते ऊन हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता. परतणाऱ्या मुलाला त्या वेळापत्रकाने काय दिले, याची चर्चा कमी झाली.

ऋतुशिक्षणाचा खरा उपयोग येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उजळणीत मागे असलेले हे मूल वजनकाट्याजवळ मागे नसते. मोळी किती उसांची, गाडीत किती मोळ्या, एका कोयत्याला दिवसाकाठी किती टन, हे त्याने पाहिलेले असते. हळदीच्या आलेखाशेजारी उसाचा हिशेब मांडण्यास त्याला सांगितले, तर वर्गात तेच जाणते ठरते. कोसबाडला शाळा कुरणात गेली होती. वसमतला निदान फड वर्गात यावा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत राज्यात 2010 पासून आली, त्यात अशा तोंडी व प्रात्यक्षिक नोंदींना जागा आहे. ती जागा बहुतेक ठिकाणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एकाच शाईने भरली जाते, हा भाग वेगळा.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न संभवतो. वनस्पतिशास्त्र विभागाकडे फुलोऱ्याच्या नोंदी ठेवण्याची रीत असते, भूगोल विभागाकडे तापमापक असतो, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तराजू असतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना काम हवे असते. जवळच्या एका प्राथमिक शाळेतील कडुनिंबाला पहिला मोहोर कोणत्या तारखेस आला आणि ऊसतोडीहून पहिले मूल कोणत्या तारखेस परतले, या दोन नोंदी एकाच वहीत, शेजारशेजारच्या रकान्यांत, पाच वर्षे ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.