जयपूरचा पाय

परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जायचे म्हणजे दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. आणि देवळात पायताण चालत नाही. ज्याचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला आहे, त्याने काय करावे?

नकली पाय पूर्वीही मिळत. पुण्याला १९४४ साली जखमी सैनिकांसाठी असे पाय करणारे केंद्र निघाले. पण त्या काळचे पाय साहेबाच्या चालीचे. पाऊल ताठ, वर बूट घालावाच लागे. खुर्चीवर बसणाऱ्याला ते ठीक होते. आपल्याला मांडी घालून जेवायचे, उकिडवे बसायचे, चिखलातून रानात जायचे. पाण्याने आतले पाऊल खराब होई. मग पाय खुंटीला टांगलेला, आणि माणूस कुबडीवर!

ही अडचण जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात दोघांनी ओळखली. एक डॉक्टर प्रमोद करण सेठी. दुसरे रामचंद्र शर्मा. ते कारागीर होते. शिक्षण थोडे, पण हातात मोठे कसब. १९६८ च्या सुमारास त्यांनी रबराचे पाऊल केले. आत हलके रबर आणि लाकूड, बाहेर टायरासारखे चिवट रबर, रंग आपल्या कातडीचा. हे पाऊल सगळीकडे वाकते. त्याला बूट लागत नाही, पाण्याची भीती नाही. १९८१ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव मात्र मागे पडले. मला ते बरे वाटत नाही.

जयपूरला १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. ती हे पाय फुकट देते. गावोगावी शिबिरेही भरतात.

अशाच एका शिबिरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाय मिळाला. तो ऊस तोडायला जाई. ट्रॉलीखाली त्याचा पाय गेला होता. नवा पाय आला तेव्हा त्याने पेढे वाटले. काही महिन्यांनी पाहतो, तर पुन्हा कुबडी.

"काय रे, पाय कुठंय?"

"घरी हाय गुरुजी. आत डुगडुगतो. जखम झाली."

पायात खोट नव्हती. कापून उरलेला भाग, म्हणजे खुंट, पहिल्या वर्षात बारीक होत जातो. मग तो ज्या वाटीत बसतो ती वाटी सैल होते. आधी एक मोजा जास्त घालावा. तेवढ्याने भागले नाही, तर वाटी नवी करून घ्यावी.

"फुकट मिळालेलं पुन्हा कसं मागू?" तो म्हणाला.

अरे, अंग बदलले की अंगरखा नवा शिवतोच ना आपण?

खुंट रोज संध्याकाळी साबणाने धुवावा, कोरडा पुसावा. खालची बाजू आरशात पाहावी. लाल डाग थोड्या वेळात गेला नाही, तर वाटी लागते आहे असे समजावे. जखम असेल तर ती बरी होईपर्यंत पाय घालू नये, डॉक्टरला दाखवावे. मोजा रोज धुतलेला हवा. साखरेचा आजार असणाऱ्याने चांगला पायही रोज तपासावा. त्याने अनवाणी चालू नये. देव रागावत नाही.

कधी कधी नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो, ठणकतो. हे वेड नव्हे, भुताटकीही नव्हे. मेंदू अजून तो पाय विसरलेला नसतो.

तो गडी पुन्हा शिबिराला गेला. वाटी नवी झाली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढणे आता त्याला जमत नाही. तो चहाची गाडी लावतो. पंगतीत मांडी घालून जेवतो.

शिवरात्रीला तो पायऱ्या चढला. चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना नकली पाय आधी खाली. शेजारी बायको होती, पण हात त्याने धरला नाही.