द्राक्षमळा आणि फवारणीची वही

द्राक्ष सोलून खाता येत नाही. घड वेलीवरून थेट मुलांच्या हातात जातो. म्हणून आपण काय फवारतो, याइतकेच केव्हा फवारतो हेही पाहिले पाहिजे.

फळछाटणीनंतर ढगाळ, दमट हवा आली की केवडा पडतो, पुढे भुरी येते. औषधावाचून बाग हाती लागत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेले असते. त्या दिवसांत विषाचा अंश हळूहळू उतरतो. आंतरप्रवाही औषध तर फळात मुरते. ते पाण्याने धुऊन जात नाही.

२०१० साली युरोपात आपली द्राक्षे अडवली गेली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. हे कीडनाशक नव्हे, शेंड्याची वाढ रोखणारे औषध. तरी त्याचा अंश फळात सापडला.

डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नये.

फवारताना अंगभर कपडे आणि हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. चक्कर, मळमळ किंवा अंधारी आल्यास काम थांबवावे, कपडे बदलून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचे लेबल घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. गड्यालाही हाच नियम.

औषधाचे नाव, प्रमाण व तारीख वहीत लिहून ठेवू या. तोडणीआधी ती वही उघडावी. दिवस भरले नसतील, तर व्यापारी दारात उभा असला तरी घड वेलीवरच राहू द्यावा.