मुंबईतलं घर आणि तीन पिढ्यांचा हिशेब

गिरणगावातल्या कामगाराच्या पगारातून गावची मनीऑर्डर, वाणसामान आणि भिशी जाई. चाळीतल्या खोलीचं भाडं मात्र किरकोळ असे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळपास गोठवली होती. मालकांनी मग दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि नव्या भाडेकरूकडून पागडी घेण्याची रीत रुजली.

पुढची पिढी बँकेत, सरकारी कचेरीत लागली. सहकारी गृहनिर्माण संस्था आणि गृहकर्जाच्या आधाराने तिने डोंबिवली-बोरिवलीला वन रूम किचन घेतलं. त्यासाठी प्रॉव्हिडंट फंड काढला, प्रसंगी दागिने मोडले.

आजच्या तरुणांवर उधळपट्टीचा ठपका ठेवला जातो: मोबाइल, हॉटेलिंग, सहली. हा आरोप अन्यायाचा आहे. एक कोटीच्या घरासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देते. म्हणजे २५ लाख पदरचे हवेत. त्यावर मुंबईत साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय नोंदणी फी. महिन्याला पाच हजारांचं हॉटेलिंग बंद केलं तरी वर्षाला साठ हजारच वाचतात. तोवर ११ महिन्यांचा भाडेकरार, डिपॉझिट आणि दलाली चालूच राहते. नाहीतर बदलापूर-विरारहून रोजचा लोकलप्रवास.

खरी महागली ती जमीन. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल, टॉवर आले. त्यामुळे सारख्याच पगाराच्या दोन तरुणांपैकी ज्याच्या आईवडिलांचं शहरात घर आहे, त्याची शिल्लक वेगळी दिसते.