काच फुटली तरी चालेल!

मैत्रिणींनो, ‘दोन मिनिटांत आलेच’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? दूध गॅसवर ठेवून म्हणतो, शेजारणीकडे विरजण मागायला जाताना म्हणतो. आणि दारात गाडी आल्यापासून, मुलाला गाडीत ठेवून दुकानात शिरतानाही म्हणू लागलो आहोत.

मीही म्हटलं होतं. लग्नसराईचे, मे महिन्याचे दिवस. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका गल्लीत शिंप्याकडून ब्लाउज आणायचे होते. तीन वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर पेंगला होता. झोपलेल्याला कशाला उठवायचं, म्हणून किल्ली आणि पर्स गाडीतच ठेवून मी उतरले. परत येते तो काय, चिरंजीव उठून पुढच्या सीटवर आलेले आणि कुठलंतरी बटण दाबताहेत. खट्! चारही दारं बंद.

भिवंडीकर भगिनींना ती गल्ली डोळ्यांसमोर आणायला अवघड जाणार नाही. दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने. त्या खटखटाटात पोराचं रडणं मला काचेला कान लावला तरच ऐकू येत होतं. शिंप्याच्या फोनवरून ह्यांना कळवलं. हे कल्याणला, दुसरी किल्ली घरी कपाटात. “काच फोडू का?” असं दुकानदारानं विचारलं, तर मीच नको म्हटलं. नवी गाडी, काचेचा खर्च, हे काय म्हणतील... असले विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होते! थोड्या वेळानं मुलाचं रडणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं, शांत झाला.

समोरच्या कारखान्यातला जॉबर हातात पाना घेऊन बाहेर आला होता. त्यानं आत एकदा पाहिलं आणि तेलुगू वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाला, “ताई, काच दुकानात मिळते.” दुसऱ्या क्षणी त्यानं मागची काच फोडली. मूल लालबुंद, तापलेलं, मान टाकलेलं. पाणी मारलं, वारा घातला, दवाखाना गाठला. देवाच्या कृपेनं निभावलं.

गाडी म्हणजे तापलेली भट्टी

प्रत्येकाचं निभावतंच असं नाही. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात खेळायला गेलेली तीन चिमुरडी घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची दोन भावंडं अशीच गेली. ही मुलं कुणी गाडीत ठेवलेली नव्हती. खेळता खेळता ती आपणहून आत शिरली होती.

अशा वेळी ‘हवा संपली, गुदमरली’ असं आपण म्हणतो. पण हवा संपण्याच्या कितीतरी आधी ऊन आपलं काम करतं. काचेतून ऊन आत येतं, सीट तापतात, आणि ती उष्णता बाहेर जात नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढतं, वीस मिनिटांत सुमारे १६ अंशांनी. म्हणजे बाहेर ३५ असेल, तर आत पन्नाशी ओलांडली! काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. म्हणून मूल गप्प झालं, तर ‘शांत झालं’ असं समजू नका. तीच खरी धोक्याची खूण.

मूल आत अडकलं तर

मूल हसतंखेळतं असेल, गाडी सावलीत असेल आणि दुसरी किल्ली पाच मिनिटांत येणार असेल, तर काचेवर चादर धरून ऊन अडवा आणि मुलाला खुणेनं कडी ओढायला किंवा बटण दाबायला सांगा. त्याच वेळी कुणालातरी ११२ वर फोन करायला लावा. पण मूल पेंगायला लागलं, ओकलं, हाकेला ओ देईनासं झालं, तर किल्लीची वाट बघू नका.

काच कुठली फोडायची, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. समोरची मोठी काच दोन थरांची असते. मध्ये चिकट पापुद्रा असल्यामुळे ती तडकते, पण पडत नाही. तिच्या नादी लागू नका. बाजूच्या दाराची काच बहुधा एकाच कडक काचेची असते आणि फुटली की तिचे बारीक खडे होतात. मुलापासून सर्वांत दूरची काच निवडा. मधोमध मारू नका, खालच्या कोपऱ्यात मारा. पाना, हातोडी, टोकदार दगड, जे मिळेल ते चालेल. हाताला टॉवेल गुंडाळा, तोंड पदरानं झाका.

मूल बाहेर काढल्यावर सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, अंगभर साधं गार पाणी मारा आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. १०८ ची गाडी बोलवा, नाहीतर मिळेल त्या रिक्षानं इंदिरा गांधी रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा. मूल रडायला लागलं म्हणून परस्पर घरी नेऊ नका.

आणि पावसाळ्यात?

आपल्याकडे कामवारी नदी फुगली की नदीनाका, ईदगाहचा भाग पाण्याखाली जायला वेळ लागत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काचा लावून गाडीत बसून राहिलेली काही माणसं गाडीतच गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात गाडी अडकून दोघांचा जीव गेला.

गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी चढू लागलं, की बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. म्हणून दाराशी झटापट करू नका. आधी पट्टा सोडा, लगेच काच खाली करा. विजेवर चालणाऱ्या काचा पाणी लागल्यावर कधी दगा देतील, सांगता येत नाही. खिडकीतून मुलांना आधी बाहेर द्या, मग तुम्ही निघा. पर्स, मोबाईल, साडीचं पार्सल जाऊ दे. काच उतरत नसेल, तर सीटवरची डोक्याची उशी उपसून तिच्या लोखंडी दांड्यांनी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. छोटी हातोडी पुढच्या कप्प्यात असेल, तर फारच उत्तम.

आजच करा

• घराजवळ उभी गाडीसुद्धा कुलूपबंद ठेवा. किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशा खुंटीवर नको.

• मागच्या दाराला ‘चाइल्ड लॉक’ लावलं असेल, तर ते आतून उघडत नाही. अडकल्यास पुढच्या सीटवर येऊन दार उघडायचं, असं मुलांकडून खेळ म्हणून करून घ्या.

• हॉर्न वाजवायला शिकवा. बऱ्याच गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. तुमच्या गाडीचा वाजतो का, पाहून घ्या.

• आपली पर्स मागे, मुलाशेजारीच ठेवा. मग मुलाला विसरून उतरणं व्हायचं नाही.

• मूल दिसेनासं झालं, तर विहीर आणि पाण्याची टाकी पाहा, आणि लगेच आसपासच्या सगळ्या गाड्या, डिकीसकट, उघडून पाहा. गल्लीत धूळ खात पडलेली मोडकी गाडीही सोडू नका.

ती काच आम्ही दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. ह्यांनी बिलाबद्दल एक शब्द काढला नाही. ज्या भीतीपायी मी मुलाला तेवढा वेळ तापत ठेवलं, ती निव्वळ माझ्या मनातली होती. तुमच्यावर अशी वेळ येऊच नये. पण आलीच, तर त्या जॉबरचं वाक्य तेवढं आठवा: काच दुकानात मिळते.