गेम तयार आहे, पण खातं?

प्ले स्टोअरवर गेम टाकायला २५ डॉलर भरले की झालं, असं बहुतेक नवख्यांना वाटतं. पैशांपुरतं ते खरं आहे. गूगल ही रक्कम एकदाच घेतं. ॲपलला मात्र दर वर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात. पण एकट्यानं गेम बनवणारा अडतो तो कागदपत्रांपाशी आणि वाट पाहण्यापाशी.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज चाचणीचा. १२ मित्रांचे ईमेल यादीत घातले की काम झालं, असं नसतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला गूगल थेट गेम प्रसिद्ध करू देत नाही. आधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, करावं लागतं. सुरुवातीला २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ही अट १२ वर आली. प्रत्येकानं लिंक उघडून स्वतः सहभागी व्हायचं आणि सलग १४ दिवस टिकायचं. नेमके बाराच जमवलेत आणि एकानं मध्येच अंग काढून घेतलं, तर सगळं अडतं. म्हणून जास्तीचे लोक आधीच गाठून ठेवावेत. पुढे गेम प्रसिद्ध करण्याच्या परवानगीसाठीच्या अर्जात टेस्टरांनी काय सुचवलं, तुम्ही काय बदललंत, हेही विचारतात. चाचणी नावापुरती वाटली, तर पुन्हा करायला लावतात. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका, हे मी कळकळीनं सांगतो. गेम न उघडणाऱ्या माणसांकडून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. ॲपलकडे अशी टेस्टरसंख्येची अट नाही.

‘मग कंपनीच काढावी लागेल’ हेही चूक. दोन्हीकडे वैयक्तिक खातं चालतं. संस्थेच्या खात्याला गूगलची ही चाचणीची अट नाही, पण त्यासाठी संस्थेची ओळख पटवणारा डी-यू-एन-एस क्रमांक हवा. तो फुकट मिळतो, मात्र हाती यायला महिनाभरही लागू शकतो.

वैयक्तिक खातं म्हणजे नाव-पत्ता झाकलेला, या समजुतीत राहू नका. गेममधून पैसे कमवायचे असतील, तर प्ले स्टोअरवर तुमचा पूर्ण पत्ता दिसतो. ॲप स्टोअरवर विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नाव झळकतं. युरोपीय संघात व्यावसायिक विक्रेत्याचा पत्ता, फोन आणि ईमेल दाखवणं बंधनकारक आहे. विक्रेता व्यावसायिक आहे की नाही हे न कळवलेली ॲप्स ॲपलनं १७ फेब्रुवारी २०२५ पासून तिथून काढायला सुरुवात केली. घरातूनच काम करणाऱ्यानं, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलीनं, कोणता पत्ता द्यायचा हे खातं उघडण्यापूर्वीच ठरवायला हवं. ग्राहकाला विक्रेता कळावा हा हेतू रास्त आहे, पण त्याची झळ मोठ्या कंपनीला नाही, घरून काम करणाऱ्याला लागते.

‘माझा गेम कसलीच माहिती घेत नाही, मग प्रायव्हसी पॉलिसी कशाला?’ तरीही प्ले स्टोअरला ती लागते आणि डेटा सेफ्टीचा फॉर्मही भरावा लागतो. शिवाय गेममध्ये जाहिराती असतील, तर जाहिरातवाल्यांचा कोड माहिती घेतोच, आणि ते जाहीर करणं तुमच्यावर असतं.

वयोगटाचा दाखला मिळवायला कुठल्या मंडळाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. प्ले कन्सोलमधली प्रश्नावली भरली की तो विनाशुल्क मिळतो. चीनची गोष्ट वेगळी. तिथे पैसे घेणाऱ्या गेमला सरकारी मंजुरीचा क्रमांक लागतो.

राहिलं कमिशन. सरसकट ३० टक्के कापले जातात असं अजूनही ऐकू येतं. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी गूगल आणि ॲपल दोघांनीही २०२१ मध्ये ते १५ टक्क्यांवर आणलं. फक्त ही सवलत आपोआप लागू होत नाही. ॲपलकडे त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.