भाड्याच्या घरात अवैध धंदा : संशयापासून ताब्यापर्यंत

भाड्याने दिलेल्या घरात जुगार, अमली पदार्थांचा साठा, कुंटणखाना किंवा फसवणुकीचे कॉल सेंटर चालत असल्याचा संशय येतो, तेव्हा घरमालकाची दोन्ही बाजूंनी कोंडी होते. घर त्याच्या मालकीचे असले तरी करार चालू असेपर्यंत तिथली वहिवाट भाडेकरूची असते, त्यामुळे मालकाला मनात येईल तेव्हा आत शिरता येत नाही. दुसरीकडे, आत काय चालले आहे हे कळूनही तो गप्प राहिला, तर काही कायदे त्यालाच आरोपी करतात. या कोंडीतून बाहेर पडण्याचा रस्ता कागदाचा आहे. महाराष्ट्रात तो कसा जातो, याचे हे टप्प्याटप्प्याने वर्णन.

मालकाची जबाबदारी ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर ठरते. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा, कलम २५ मध्ये सांगतो की आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. व्यापारी प्रमाणातील साठ्याला, गांजाच्या बाबतीत २० किलोहून अधिक, ही शिक्षा किमान १० वर्षांची आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’, माहीत असून कुंटणखान्यासाठी जागा देणाऱ्याला पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतो. झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकाला दिली गेली असेल, तर त्यानंतर त्याला माहिती होती असेच गृहीत धरले जाते. जुगारविरोधी १८८७ च्या कायद्यातही अड्ड्याला जागा वापरू देणारा मालक सुटत नाही. म्हणून मालकाला काय कळले, कधी कळले आणि कळल्यावर त्याने काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरे तारखेनिशी कागदावर असावी लागतात.

हे कागद संशयाच्या कितीतरी आधी, भाडेकरू येतो त्याच दिवशी तयार होतात. महाराष्ट्रात बहुतेक फ्लॅट ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी नसेल तर वादात करारातील अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर येते. एजंटाच्या छापील मसुद्यावर न वाचता सही करणारे मालक इथेच अडचणीत येतात. करारात प्रत्येक राहणाऱ्याचे नाव असावे. वापर फक्त निवासासाठी, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, बेकायदा वापर झाल्यास नोटीस देऊन करार रद्द करण्याचा हक्क, अशी कलमे स्पष्ट शब्दांत असावीत.

दुसरा कागद पोलिसांकडील भाडेकरू नोंदणीचा. शहरांतील पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे सक्तीचे करतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार कारवाई होऊ शकते. हा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण त्याची पावती जपून ठेवली तरच पुढे उपयोग होतो. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते.

संशय सहसा एका मोठ्या घटनेतून येत नाही. वॉचमन काहीतरी सांगतो, शेजारी जिन्यात थांबवून बोलतात, वीजबिल अचानक फुगते, आणि या लहान गोष्टी साचत जातात. त्यांतली सर्वांत बोलकी खूण म्हणजे करारातला माणूस घरात कधीच दिसत नाही, दार उघडणारे चेहरे दर महिन्याला बदलतात आणि भाडे मात्र तिसऱ्याच खात्यातून येते. इतर खुणा धंद्यानुसार वेगळ्या असतात. जुगार असेल तर ठरावीक वेळी तीच माणसे येऊन तासन्‌तास बसतात. अमली पदार्थांची विक्री असेल तर येणारा दारातूनच दोन मिनिटांत परततो. घरात रोपे वाढवली जात असतील तर खिडक्या कायम झाकलेल्या असतात आणि कुलूपबंद घरातही वीज जळत राहते. सायबर फसवणुकीच्या खोलीत एका घराला न शोभणारी ब्रॉडबँड जोडण्यांची आणि फोनची संख्या असते, शिवाय वेगवेगळ्या नावांची कुरियर येतात.

यांतल्या प्रत्येक खुणेमागे सरळ कारणही असू शकते. क्लास घेणाऱ्या शिक्षिकेकडे रोज अनोळखी मुले येतात. घरगुती डबे देणाऱ्या बाईंकडून माणसे दोन मिनिटांत परत जातात. परदेशी कंपनीसाठी घरून काम करणाऱ्याकडे रात्रभर दिवा असतो. याउलट मोठा गुन्हा अगदी साध्या रूपात वावरू शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या नागरिकांना धमकावून पैसे उकळण्याचे काम तिथे चालत होते. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे दिसत होती ती रात्रपाळीला जाणारी तरुण मुले. दिसणे आणि असणे यांत एवढे अंतर असते, म्हणून निष्कर्षाची घाई करू नये.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एकट्या मुलीकडे मित्र येतात, भाडेकरूचे आडनाव वेगळे आहे, घरात मांस शिजते किंवा तो रात्री उशिरा येतो, ही गुन्ह्याची चिन्हे नाहीत. सोसायटीच्या बैठकांत अशाच गोष्टींना संशयाचे नाव मिळते आणि निरपराध माणसांना घर सोडावे लागते, हा उघड अन्याय आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एखाद्याला गुन्हेगार म्हटल्यास बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हाही गुन्हा आहे. प्रामाणिक समजुतीने योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला मात्र बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे. म्हणून संशय सांगायचा तो पोलीस ठाण्यात, गटावर नाही.

त्याआधी एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, काय दिसले, कोणी पाहिले, एवढेच तिच्यात लिहावे आणि अंदाज लिहू नयेत. ‘१४ तारखेला रात्री ११ ते १ दरम्यान सहा अनोळखी माणसे आली, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये चौघांचीच नोंद’ ही नोंद उपयोगाची आहे. ‘यांचे लक्षण ठीक नाही’ ही नाही. वीजबिल बहुधा मालकाच्याच नावावर असते, त्यामुळे मागील महिन्यांचे आकडे त्याला सहज मिळतात. सोसायटीच्या कॅमेऱ्यांतील जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती सचिवांना लेखी द्यावी. जिना, लिफ्ट, फाटक या सामाईक जागांत जे दिसते ते टिपण्यास हरकत नाही. खिडकीतून आतले फोटो काढणे, घरात लपवून कॅमेरा बसवणे किंवा भाडेकरूच्या नावाचे पाकीट फोडणे यांतून मालकावरच गुन्हा दाखल होण्याची वेळ येते.

घर आतून पाहण्याचा सरळ मार्ग कायद्यानेच दिला आहे. १९९९ च्या अधिनियमाचे कलम २८ मालकाला आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करू देते. ही सूचना लेखी असावी आणि पाहणीला एक साक्षीदार सोबत असावा. मालकाने कपाटे उघडू नयेत, कशालाही हात लावू नये आणि उलटतपासणी घेऊ नये. किती माणसे राहतात, भिंती-वायरिंगमध्ये काय बदल झाले आहेत, जागा निवासासाठीच वापरली जाते का, एवढे पाहून बाहेर पडावे. आत हत्यारे, अमली पदार्थ किंवा डांबून ठेवलेली व्यक्ती असण्याची शक्यता वाटत असेल, तर पाहणीच्या भानगडीत पडू नये. सूचना मिळाली की माल हलतो, आणि मालकाच्या जिवालाही धोका असतो. अशा वेळी थेट पोलिसांकडे जावे.

याच टप्प्यावर अनेक मालकांचा तोल सुटतो. कुलूप बदलणे, पाणी-वीज तोडणे, सामान जिन्यात काढून ठेवणे, चार माणसे पाठवून धमकावणे असे प्रकार होतात. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा बंद करण्यास १९९९ च्या अधिनियमाचे कलम २९ मनाई करते. कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा मुद्दाच येत नाही. स्थिर वहिवाटीत असलेल्या माणसाला, त्याला राहण्याचा हक्क उरलेला नसला तरी, मालक कायद्याच्या मार्गाखेरीज काढू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले खटल्यात १९८९ मध्ये स्पष्ट केले. शिवाय कुलूप फोडून आत शिरलेला मालक पुरावाही बिघडवतो, कारण नंतर सापडलेली पुडी त्यानेच ठेवली असे म्हणायला आरोपी मोकळा होतो.

पोलिसांकडील अर्ज छोटा असावा. घराचा पत्ता, भाडेकरूचे करारातील नाव, कराराची नोंदणी, वहीतील तारीखवार नोंदी आणि चौकशीची विनंती एवढे त्यात पुरेसे आहे. सोबत करार, पोलीस नोंदणीची पावती आणि भाडेकरूची ओळखपत्रे जोडावीत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी सांगून परतणे म्हणजे काहीच न केल्यासारखे आहे. ठाण्यात दखल घेतली नाही, तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागावी. तातडीच्या प्रसंगी ११२, अमली पदार्थांसाठी ‘मानस’चा १९३३, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि बालक संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक आहेत. गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, त्यामुळे नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जात जरूर करावी.

अर्ज दिल्यानंतर मालकाने भाडेकरूशी नेहमीसारखेच वागावे. भाडे बँकेतूनच घ्यावे आणि पोलिसांकडे गेल्याची वाच्यता कुठेही करू नये. छापा पडलाच तर पोलीस पंचांसमक्ष झडती घेतात, सापडलेल्या प्रत्येक वस्तूचे वर्णन पंचनाम्यात येते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती व जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. मालकाला बोलावले तर त्याने करार दाखवावा आणि माहीत असेल तेवढेच जबाबात सांगावे. जबाब वाचून घ्यावा. जागेला सील लागले असेल तर ते काढून घेण्यासाठी न्यायालयातच अर्ज करावा लागतो.

भाडेकरूला अटक झाली म्हणजे घर रिकामे झाले, हा समज चुकीचा आहे. वहिवाट त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची चालूच असते आणि सामानही त्याचेच असते. तो राजी असेल तर ताबा सोडल्याचे लेखी घ्यावे, सामानाची यादी दोन साक्षीदारांसमोर करावी आणि अनामत रकमेचा हिशेब त्याच कागदावर मिटवावा. तो राजी नसेल तर वकिलामार्फत करारभंगाची नोटीस द्यावी. निवासी लायसन्सची मुदत संपलेली असेल, तर १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागितली नाही, तर त्याला विरोध करता येत नाही, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल त्याला मासिक रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. मुदत संपायची असेल किंवा जागा दुकान-कार्यालयाची असेल, तर दिवाणी मार्ग धरावा लागतो. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूच्या बाबतीत त्याच अधिनियमाचे कलम १६ लागते. त्यात बेकायदा वापराच्या कारणासाठी भाडेकरू त्याबद्दल दोषी ठरलेला असावा लागतो, नुसता आरोप पुरत नाही. शेजाऱ्यांना होणारा उपद्रव किंवा परवानगीविना ठेवलेला पोटभाडेकरू ही मात्र स्वतंत्र कारणे आहेत आणि त्यांना शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. कुंटणखान्याच्या प्रकरणी वेगळी तरतूद आहे. जागा पिटा कायद्यात सांगितलेल्या सार्वजनिक स्थळांपासून २०० मीटरच्या आत असेल, तर कलम १८ खाली दंडाधिकारी कारणे दाखवा नोटीस देऊन ती रिकामी करण्याचा आदेश देऊ शकतात. त्यानंतर एक वर्ष, आणि तिथे बालक सापडले असल्यास तीन वर्षे, ती जागा पूर्वपरवानगीशिवाय पुन्हा भाड्याने देता येत नाही.

ताबा मिळाला तरी मालकाचे काम संपत नाही. फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालू शकतो आणि करार खरा आहे, घर आरोपीलाच दिले होते, हे सांगण्यासाठी मालकाला साक्षीचे समन्स येऊ शकते. तोपर्यंत नोंदणीकृत करार, पोलीस नोंदणीची पावती, नोंदींची वही, अर्जाची पोच आणि ताबा सोडल्याचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवावा, आणि समन्स आल्यावर ती फाइल घेऊन न्यायालयात हजर राहावे.